विश्लेषण : नेटवर्कचा पहारेकरी फुकट मिळतो, पण त्याचा पगार कोण देतो?

उरण तालुक्यातील द्रोणागिरी नोडमध्ये आणि आसपास कंटेनर ठेवण्याची यार्डे, गोदामे, सीमाशुल्क दलालांची कार्यालये आणि ट्रेलरचे तळ दाटीने वसलेले आहेत. शेजारच्या जेएनपीए बंदरातून २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) मालाची ने-आण झाली. यातला एकही कंटेनर आता केवळ कागदावर हलत नाही. गेटवरचा संगणक, वजनकाटा, कंटेनरवरचा आरएफआयडी टॅग, सीमाशुल्क विभागाचे ‘आइसगेट’, कॅमेरे हे सारे नेटवर्कने जोडलेले आहे. हे नेटवर्क नीट चालले आहे का, हे पाहणारी सॉफ्टवेअर जगभरात अनेक ठिकाणी मोफत आणि मुक्तस्रोत म्हणजे ओपन सोर्स प्रकारची असतात. ती लिहितो कोण, त्यांच्यात भांडणे झाली तर काय होते आणि आपल्याकडच्या वापरकर्त्याचा त्यांच्याशी संबंध काय, याचा हा आढावा.

जून २०१७ मध्ये बंदरात काय घडले होते?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तिथल्या कंपन्या करभरण्यासाठी वापरत असलेल्या ‘एम. ई. डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो आत शिरला. डॅनिश जहाज कंपनी मर्स्कचे कार्यालयही तेच सॉफ्टवेअर वापरत होते. तिथून तो कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये गेला आणि मर्स्क समूहाच्या ७६ पैकी १७ टर्मिनलना फटका बसला. त्यांत न्हावा शेव्याचे गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे जीटीआय, हेही होते.

टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडली की कोणता कंटेनर कोणाचा, तो कुठल्या रांगेत, कितव्या थरावर आहे, हे सांगणारे कोणी उरत नाही. क्रेन धडधाकट असते, चालक हजर असतो, जहाज धक्क्याला लागलेले असते, पण काम होत नाही. त्या आठवड्यात जीटीआयमध्ये शक्य तेवढे काम हाताने करण्याचा प्रयत्न झाला आणि बाहेर ट्रेलर खोळंबले. मर्स्कने पुढे ३० कोटी डॉलरपर्यंत नुकसान झाल्याचे सांगितले. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसमध्ये दिलेल्या माहितीनुसार दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. या साऱ्या यंत्रणेतील वापरकर्त्यांची नोंद ठेवणारा एक सर्व्हर घानामध्ये शाबूत सापडला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटला होता. भारनियमनाला एवढे मोठे श्रेय मिळाल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

नेटवर्कवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर असते तर हा हल्ला थांबला असता का? नाही, असेच म्हणावे लागेल. नॉटपेट्या काही मिनिटांत पसरला. लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर फार तर ‘अमुक इतके संगणक गेले’ एवढे सांगू शकले असते. तरीही नेटवर्कवरील पहाऱ्याची गोष्ट इथून सुरू करण्याचे कारण आहे. नॉटपेट्यामागे ज्या गटाचे नाव घेतले जाते, त्याच गटाशी साधर्म्य असलेला दुसरा हल्ला नंतर थेट एका मुक्तस्रोत मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमधून झाला. त्याकडे पुढे येऊ.

हे सॉफ्टवेअर नेमके करते काय?

मूळ कल्पना अगदी साधी आहे. दर काही मिनिटांनी प्रत्येक उपकरणाला हाक मारायची आणि ‘ओ’ आली का ते पाहायचे. या हाकेला ‘पिंग’ म्हणतात. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणारे माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कच्या एका बिघाडाचा माग काढताना तो छोटा प्रोग्रॅम एका संध्याकाळी लिहिला. पाणबुडीच्या सोनारमधील ध्वनीवरून त्याला नाव दिले.

पण ‘ओ’ देणे म्हणजे बरे असणे नव्हे. स्विच चालू असतो, मात्र त्याच्या एका पोर्टवर चुकांचा खच पडलेला असतो. सर्व्हर जिवंत असतो, त्याची डिस्क ९८ टक्के भरलेली असते. ही आतली विचारपूस करण्यासाठी १९८८ मध्ये ‘एसएनएमपी’ हा संकेत ठरला. राउटर, स्विच, यूपीएस, प्रिंटर, वातानुकूलन यंत्रणा अशी बहुतेक उपकरणे तो बोलतात. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत उपकरणाशी बोलण्यासाठी जो परवलीचा शब्द लागतो त्याला ‘कम्युनिटी स्ट्रिंग’ म्हणतात, आणि कारखान्यातून येताना तो बहुतेक वेळा ‘पब्लिक’ असाच ठेवलेला असतो. तो नेटवर्कवरून उघडाच प्रवास करतो. बसवणाऱ्याने तो बदलला नाही तर तुमच्या राउटरची कुंडली वाचायला कोणालाही मोकळीक.

गोळा केलेल्या आकड्यांतून आलेख काढणे, मर्यादा ओलांडली की एसएमएस किंवा ईमेल पाठवणे, आणि एकच मुख्य स्विच गेल्यामुळे मागचे दोनशे कॅमेरे ‘गेले’ असतील तर दोनशे संदेश न पाठवता एकच पाठवणे, हे पुढचे काम. शेवटचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. रात्रपाळीच्या माणसाचा फोन सतत वाजत राहिला की तो तिसऱ्या रात्री आवाज बंद करतो, आणि खरा संदेश त्याच रात्री येतो. म्हणून अशा सॉफ्टवेअरचा दर्जा ते किती ओरडते यावर ठरत नाही. ते कधी गप्प राहते, याला किंमत असते. हे गप्प राहणे एखाद्या कंपनीच्या चार भिंतींत शिकता येत नाही. हजारो ठिकाणच्या विचित्र बिघाडांचे अनुभव कोणीतरी परत कळवावे लागतात.

मोफत पहारेकरी आले कुठून?

यातली बहुतेक सॉफ्टवेअर कोणाच्या तरी स्वतःच्या अडचणीतून जन्मली. स्वित्झर्लंडचे टोबियस ओटिकर १९९० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनमधील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात होते. विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन होती अवघी ६४ किलोबिटची. ती कोण आणि कधी भरून टाकते हे पाहण्यासाठी त्यांनी ‘एमआरटीजी’ लिहिले. हिरव्या-निळ्या रेषांचे ते आलेख जुन्या नेटवर्क अभियंत्यांना आजही आठवतील. ‘कॅक्टी’ हे सॉफ्टवेअर २००१ मध्ये इयान बेरी यांनी सुरू केले. तेव्हा ते शाळेत शिकत होते आणि एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे काम करत होते. ‘झॅबिक्स’ची सुरुवात लाटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी १९९८ मध्ये बँकेतील नोकरीत केली. २००१ मध्ये त्यांनी ते जीपीएल परवान्याखाली खुले केले आणि २००५ मध्ये कंपनी काढली. ‘प्रोमिथियस’ २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झाले. २०१६ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेले. त्या संस्थेचा तो कुबरनेटिसनंतरचा दुसराच प्रकल्प.

मात्र या क्षेत्रातील समुदायजीवन समजून घ्यायचे तर नागिऑसची कहाणी सविस्तर पाहावी लागते. संगणक अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी ‘नेटवर्क मॉनिटरिंग’ हा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून त्याचाच आधार घेतला आहे.

‘संता’च्या घरातील भांडण

अमेरिकेतील एथन गॅल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ नावाचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. नावातील ‘सेंट’ म्हणजे संत. मिळत्याजुळत्या व्यापारचिन्हाच्या मालकांनी हरकत घेतल्यावर २००२ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘नागिऑस’ केले. ग्रीक भाषेत ‘आगिऑस’ म्हणजेही संत, आणि नव्या नावाची फोड करून ‘आता संतपदाचा आग्रह धरणार नाही’ असा विनोदही त्यांनी करून ठेवला.

नागिऑसची रचना हुशार होती. मुख्य प्रोग्रॅम फक्त वेळापत्रक सांभाळतो. प्रत्यक्ष तपासणी ‘प्लगइन’ नावाचे छोटे प्रोग्रॅम करतात. प्लगइनने शून्य कळवले तर ठीक, एक म्हणजे इशारा, दोन म्हणजे गंभीर, तीन म्हणजे कळत नाही. एवढे चार आकडे पाळले की कोणीही, कुठल्याही भाषेत, कशाचाही प्लगइन लिहू शकतो. त्यामुळे मुख्य प्रोग्रॅम न समजणाऱ्या माणसांनीही हातभार लावला. डेटाबेस, मेल सर्व्हर, खोलीचे तापमान, प्रमाणपत्राची मुदत अशा असंख्य गोष्टींचे प्लगइन तयार झाले. मुक्तस्रोत प्रकल्प वाढवायचा असेल तर बाहेरच्याला शिरण्यासाठी एक छोटे दार ठेवावे लागते. नागिऑसने ते सुरुवातीलाच ठेवले होते.

अडचण आली ती मुख्य प्रोग्रॅमपाशी. लोक सुधारणा पाठवत होते, पण त्या स्वीकारण्याचा अधिकार फार थोड्या हातांत होता. पाठवलेले बदल पडून राहत. गॅल्स्टॅड यांनी २००७ मध्ये नागिऑस एंटरप्रायझेस ही कंपनी काढली होती आणि नाव व व्यापारचिन्ह यांचा प्रश्नही तापत होता. अखेर मे २००९ मध्ये समुदायातील काही जणांनी नागिऑसचा कोड घेऊन ‘इसिंगा’ नावाची वेगळी चूल मांडली. मुक्तस्रोत जगात याला ‘फोर्क’ म्हणतात. जीपीएल परवाना असल्याने यात बेकायदा काहीच नव्हते. कोड सगळ्यांचा, नाव मात्र एकाचे. इसिंगाने आधी नागिऑसशी सुसंगत राहून सुधारणा केल्या आणि २०१४ मध्ये मुळापासून नव्याने लिहिलेली दुसरी आवृत्ती आणली. दरम्यान २०१३ मध्ये ‘नेमन’ नावाचा आणखी एक फाटा फुटला. तो काढणारा स्वीडिश प्रोग्रॅमर त्याआधी नागिऑसच्याच चौथ्या आवृत्तीवर मोठे काम करत होता.

सर्वात कटू प्रसंग जानेवारी २०१४ चा. प्लगइनचा प्रकल्प स्वयंसेवकांचा वेगळा गट वर्षानुवर्षे सांभाळत होता. एके दिवशी त्यांचे संकेतस्थळ नागिऑस एंटरप्रायझेसच्या सर्व्हरकडे वळवल्याचे त्यांच्या लक्षात आले. संकेतस्थळाच्या नावाचा ताबा कंपनीकडे होता. व्यापारचिन्ह आमचे आहे आणि त्या ठिकाणी प्रतिस्पर्धी प्रकल्पांचे उल्लेख होते, ही कंपनीची बाजू होती. स्वयंसेवकांनी वाद घालत बसण्याऐवजी प्रकल्पाचे नाव ‘मॉनिटरिंग प्लगइन्स’ असे बदलले आणि काम सुरू ठेवले. डेबियनने आपल्या पॅकेजसाठी हे नवे नाव स्वीकारले.

या भांडणांचा वापरकर्त्याला तोटा झाला का? काही काळ गोंधळ झाला, हे खरे. कुठला फाटा निवडायचा, उद्या कोणता जिवंत राहील, हे प्रश्न लहान आयटी विभागांना परवडणारे नव्हते. पण उलट बाजूने पाहिले तर एखाद्या बंद सॉफ्टवेअरच्या मालकाने सुधारणा थांबवल्या असत्या तर ग्राहकाकडे हात चोळत बसण्यापलीकडे उपाय नव्हता. इथे घर फुटले, तरी भांडी सगळ्यांना मिळाली. माझ्या मते या क्षेत्रातील प्रगतीचा मोठा भाग अशा फाटाफुटीतूनच झाला आहे, आणि तो फारसा सोहळा न करता झाला आहे.

कंपनीच विकली गेली, किंवा परवाना बदलला तर?

‘ओपनएनएमएस’ या प्रकल्पाने हे दोनदा पाहिले. २००० च्या मार्चमध्ये सोर्सफोर्जवर त्याची नोंदणी झाली. त्यामागच्या ऑक्युलन या कंपनीने २००२ मध्ये त्यातून अंग काढले, तेव्हा तिथेच काम करणारे टारस बालॉग यांनी प्रकल्प आपल्याकडे घेतला. कंपनी गेली, कोड राहिला आणि एक माणूस राहिला. पुढे त्याभोवती समुदाय जमला. त्यातल्या जबाबदार स्वयंसेवकांच्या गटाला ‘ऑर्डर ऑफ द ग्रीन पोलो’ असे गमतीदार नाव आहे, त्यांच्या हिरव्या टी-शर्टवरून. दरवर्षी ‘डेव्ह-जॅम’ नावाचा मेळावा भरत असे, बहुतेकदा मिनेसोटा विद्यापीठाच्या वसतिगृहात. देशोदेशीचे लोक आठवडाभर एकत्र राहून आपल्याला हवे ते काम करत. आपल्याकडे शेतीच्या कामांना ‘इर्जिक’ घालत, त्या जातीचा हा प्रकार. कोणी नवा आलेख लिहिणार, कोणी कागदपत्रे सुधारणार, कोणी फक्त जेवणाची व्यवस्था पाहणार.

पैशांचे गणित मात्र सोपे नव्हते. ओपनएनएमएसने दोन धारा केल्या. ‘होरायझन’ ही वेगाने बदलणारी, सर्वांना मोफत; ‘मेरिडियन’ ही सावकाश बदलणारी, वर्गणी घेऊन तयार स्वरूपात दिली जाणारी. २०२० मध्ये अमेरिकी आरोग्य-तंत्रज्ञान कंपनी नँटहेल्थने ओपनएनएमएस विकत घेतले. मालक बदलला तरी आधी खुला केलेला कोड कोणाला परत झाकता येत नाही, हा वापरकर्त्यांचा दिलासा.

‘ऑब्झर्व्हियम’चे उदाहरण याहून ठळक. त्याने जीपीएल सोडून अधिक बंधनकारक परवाना घेतला. मग २०१३ मध्ये काहींनी जीपीएलखालील शेवटची आवृत्ती घेऊन ‘लिब्रेएनएमएस’ सुरू केले. आज ते लहान इंटरनेट पुरवठादारांच्या आणि विद्यापीठांच्या ओळखीचे आहे. सर्व्हरवर ते रोज आपोआप अद्ययावत होते, आणि नव्या उपकरणांची ओळख वापरकर्तेच पुरवतात.

झॅबिक्सने उलट दिशेचे पाऊल टाकले. जून २०२४ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून त्याने परवाना जीपीएलवरून एजीपीएलवर नेला. फरक असा की हे सॉफ्टवेअर बदलून कोणी इंटरनेटवरून सेवा म्हणून पुरवले, तर त्यानेही केलेले बदल वापरकर्त्यांना खुले करावे लागतात. मोठ्या क्लाउड कंपन्या समुदायाचे काम घेऊन त्यावर धंदा करतात आणि परत काही देत नाहीत, या तक्रारीला दिलेले हे उत्तर आहे. त्याच तक्रारीवर इलास्टिकने २०२१ मध्ये आणि हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये मुक्तस्रोत परवानाच सोडला होता, आणि दोघांच्याही सॉफ्टवेअरचे फोर्क निघाले. इलास्टिक २०२४ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन परतले. झॅबिक्स महागडी ‘प्रीमियम’ आवृत्ती विकत नाही. त्याची कमाई मदत, प्रशिक्षण आणि सल्ल्यातून होते. दरवर्षी रिगा शहरात त्याचे संमेलन भरते.

मग धोका कुठे आहे?

नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्याकडे साऱ्या घराच्या किल्ल्या असतात. कोणते उपकरण कुठे आहे, कोणती आवृत्ती चालते, कोणत्या पासवर्डने आत शिरता येते, हे त्याला माहीत असते. म्हणून हल्लेखोराला तोच सर्वाधिक हवा असतो.

डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेले सोलरविंड्स प्रकरण यातले सर्वात मोठे. ‘ओरायन’ हे त्यांचे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर बंद आणि विकतचे होते. हल्लेखोरांनी कंपनीच्याच अधिकृत अपडेटमध्ये चोरवाट घातली आणि सुमारे १८ हजार ग्राहकांनी ते अपडेट बसवले. पैसे मोजले म्हणजे सुरक्षित, या समजाला तिथे तडा गेला.

त्यानंतर दोन महिन्यांत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, फ्रान्सच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने (अँसी) दुसरा अहवाल दिला. ‘सेंट्रिऑन’ या फ्रेंच मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमधून २०१७ च्या अखेरीपासून २०२० पर्यंत काही संस्थांत, प्रामुख्याने वेब होस्टिंग आणि आयटी सेवा देणाऱ्यांत, घुसखोरी झाली होती. या मोहिमेचे ‘सँडवर्म’ गटाच्या आधीच्या कारवायांशी साधर्म्य असल्याचे अहवालात म्हटले होते. अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये नॉटपेट्याबद्दल ज्या सहा रशियन लष्करी गुप्तहेरांवर आरोप ठेवले, ते याच गटाचे मानले जातात. ज्या नावामुळे न्हावा शेव्याच्या गेटबाहेर ट्रेलर अडकले, तेच नाव पुन्हा पहारेकऱ्याच्या दारात आले.

सेंट्रिऑनने दिलेले स्पष्टीकरण या लेखाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे आहे. फटका बसलेल्या संस्था जुनी, मोफत आवृत्ती वापरत होत्या. तिला कंपनीचे पाठबळ कधीच थांबले होते. पैसे भरणाऱ्या ग्राहकांपैकी कोणी त्यात नव्हते, असे कंपनी म्हणाली. यात हात झटकण्याचा भाग किती हे बाजूला ठेवले, तरी चित्र ओळखीचे आहे. कोणीतरी सॉफ्टवेअर फुकट उतरवले, बसवले, ते चालले आणि मग त्याच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नाही. कॅक्टीत डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या गंभीर दोषाबाबतही तसेच झाले. दुरुस्ती दोषाबरोबरच आली होती. तरी जानेवारी २०२३ मध्ये दुरुस्ती न केलेल्या, थेट इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या यंत्रणांवर हल्ले सुरू झाले.

समुदाय दोष शोधतो, दुरुस्त करतो, जाहीर करतो. तुमच्या सर्व्हरवर येऊन ती दुरुस्ती बसवत नाही. त्यासाठी तुमच्याकडे माणूस लागतो, आणि खर्चाच्या रकान्यात ‘शून्य’ लिहिलेल्या सॉफ्टवेअरसाठी माणूस नेमायला व्यवस्थापन तयार होत नाही. मुक्तस्रोताची आपल्याकडची खरी गोम इथे आहे.

द्रोणागिरीतल्या लहान कार्यालयाने याची काळजी का करावी?

एक कारण कायद्याचे आहे. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात आणि सगळ्या घड्याळांची वेळ राष्ट्रीय स्रोतांशी जुळवावी लागते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना तयारीसाठी सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली होती. ती कधीच संपली. सहा तास मोजायला सुरुवात होते घटना लक्षात आल्यावर. लक्ष ठेवणारे काहीच नसेल तर घटना लक्षात येते ती गेटवर ट्रेलर थांबल्यावर, किंवा ग्राहकाच्या फोनवरून.

दुसरे कारण भूगोलाचे. इथल्या व्यवसायांचे नेटवर्क कार्यालयापुरते नसते. यार्डाच्या टोकाचा कॅमेरा, वजनकाट्याची केबिन, आरएफआयडी वाचणारे खांब, मधे पावसाळ्यात भिजणाऱ्या केबल आणि रस्त्याच्या कामात तुटणारे फायबर. देशातील कंटेनरना आरएफआयडी टॅग लावून माग ठेवण्याची लॉजिस्टिक्स डेटा बँक २०१६ मध्ये सुरू झाली तीही याच बंदरातून. असे पसरलेले, खाऱ्या हवेतले नेटवर्क सांभाळण्यासाठी महागडे पॅकेज परवडेलच असे नाही. मोफत सॉफ्टवेअर आणि एक साधा लिनक्स सर्व्हर पुरतो. पुरत नाही ते त्यानंतरचे लक्ष.

आपण देतो काय?

गिटहबच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२८ पर्यंत त्या मंचावरील भारतीय डेव्हलपरांची संख्या अमेरिकेपेक्षा जास्त होण्याचा अंदाज आहे. संख्या आणि सहभाग यांत मात्र अंतर आहे. २०२० च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ची आठवण माझ्या पिढीतल्या अभियंत्यांना नक्की असेल. मुक्तस्रोत प्रकल्पांना चार सुधारणा पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी ती योजना. भारतातील एका लोकप्रिय व्हिडिओतून सोपी युक्ती पसरली आणि जगभरच्या प्रकल्पांवर ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढाच मजकूर जोडणाऱ्या निरर्थक बदलांचा पाऊस पडला. देखभालकर्ते वैतागले, आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून प्रकल्पाची संमती सक्तीची करावी लागली. टी-शर्टसाठी केलेले काम आणि अडचणीतून केलेले काम यांत काय फरक असतो, हे त्या आठवड्यात सर्वांना दिसले.

दुसरी बाजूही आहे. ‘गुगल समर ऑफ कोड’मधून विद्यार्थी म्हणून प्रोमिथियसमध्ये आलेले भारतीय अभियंते पुढे त्याच प्रकल्पाचे देखभालकर्ते झाले. पुण्यात ‘प्लग’ म्हणजे पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप आणि सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारे ‘ग्नूनिफाय’ यांनी मुक्तस्रोताची ओळख विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना करून दिली. पैशाच्या बाबतीत झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. त्यातून जगभरच्या मुक्तस्रोत प्रकल्पांना वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचे ठरले. स्वतः जे वापरतो त्याचे देणे फेडायचे, ही त्यामागची भूमिका. बंदर, सीमाशुल्क सेवा आणि गोदाम व्यवसायातील मोठ्या कंपन्यांनी असे काही करण्यास कोणाचीच हरकत नसावी.

अर्थात प्रत्येकाने निधी काढावा अशी अपेक्षा नाही. नेटवर्क मॉनिटरिंगमध्ये एक काम असे आहे जे फक्त प्रत्यक्ष जागेवरचा माणूसच करू शकतो. भारतीय बनावटीचा यूपीएस, स्वस्तातला औद्योगिक स्विच किंवा आरएफआयडी रीडर परदेशातल्या देखभालकर्त्याने कधी पाहिलेलाच नसतो. त्यामुळे सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही, बॅटरी किती उरली हे दाखवत नाही. लिब्रेएनएमएसमध्ये असे उपकरण जोडायचे असेल तर त्याला एसएनएमपीवरून प्रश्न विचारून आलेली उत्तरे एका फाइलमध्ये भरायची, त्यातून पत्ते व पासवर्डसारखा खासगी तपशील काढून टाकायचा, उपकरणाचे वर्णन करणारी छोटी यादी लिहायची आणि चाचणीच्या नोंदीसह प्रकल्पाकडे पाठवायची. प्रोग्रॅमिंग जवळपास लागत नाही, एक दुपार लागते. देखभालकर्ते दोन-चार शंका विचारतात, कधी नामकरण बदलायला सांगतात. बदल स्वीकारला गेला, की रात्रीच्या अपडेटबरोबर तो इतर सर्व्हरवर उतरतो आणि तसाच यूपीएस असलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी बंदरातल्या माणसाला सकाळी बॅटरीचा आकडा दिसू लागतो.